गच्चभाऊजींनी घेतलेलं माशाचं माप

माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे गच्चभाऊजी म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की त्यांच्या सख्ख्या मुलीनेही एकदा शाळेच्या फॉर्मवर तेच लिहायला घेतलं होतं.

काचसामानाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी पॅकिंग खात्यात काढली. दिव्यांच्या काचा, प्रयोगशाळेतल्या नळ्या, फुलदाण्या, बरण्या. जे फुटू शकतं ते न फुटता दुसऱ्या टोकाला पोचवायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांनी अशा निष्ठेने केलं की त्यांच्या खोक्यातली वस्तू फुटल्याची तक्रार आली, तर साहेब आधी तक्रार करणाऱ्याकडेच संशयाने बघत. खोकं भरून झालं की ते दोन्ही हातांनी उचलायचं, कानाशी न्यायचं आणि हलवायचं. आतून टिकटिक आली, तर पुन्हा उघडायचं. काहीच आवाज आला नाही की डोळे मिटून म्हणायचं, "गच्च." काही लोक जेवल्यावर ढेकर देतात, तसं.

त्यांचा एक सिद्धान्त होता. "वहिनी, वस्तू धक्क्याने फुटत नाही. मोकळ्या जागेने फुटते." कारखान्यात हे खरंच होतं. अडचण एवढीच की निवृत्त झाल्यावर हा सिद्धान्त त्यांच्याबरोबर घरी आला.

आम्ही घर बदललं, तेव्हा आमचं सामान त्यांनी बांधून दिलं. एक कपसुद्धा फुटला नाही, कबूल. पण चहाची गाळणी ह्यांच्या बुटात, बूट प्रेशर कुकरमध्ये आणि कुकर गादीच्या गुंडाळीत निघाला, आणि तो निघेपर्यंत आम्ही न गाळलेला चहा पीत होतो. भाऊजींना तक्रार सांगितली, तर म्हणाले, "पण फुटलं काही?"

त्यांच्या स्वतःच्या घरात चमच्यांचा खण उघडायला दोन माणसं लागतात. एक खण ओढतो, दुसरा कपाट धरतो. पुस्तकांवरच्या फटीत मेणबत्त्या, मेणबत्त्यांमागे बॅटरीचे सेल. दारामागच्या टेबलावर रिकाम्या खोक्यांची चळत, खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं. कशाला, तर लागतील.

माझी धाकटी जाऊ ह्या सगळ्यात शांतपणे राहते. ती टेलिफोन ऑफिसात होती. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यामुळे स्वतः फारशी बोलत नाही. नोकरी संपल्यावर तर दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. मग एके दिवशी दाताच्या डॉक्टरकडून परत येताना ती शेजारच्या दुकानातून एक मासा घेऊन आली. बेट्टा. दुकानदार त्याला फायटर म्हणतात, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांच्या चिंध्या करतात. निळा, काठाला तांबूस झाक, आणि अंगापेक्षा पर मोठे, लांब आणि झिरझिरीत. वाऱ्यावर वाळत घातलेली ओढणीच जणू. तिने त्याला तात्पुरतं फळांच्या मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवलं, आणि ती त्याच्याशी बोलायला लागली. सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि काय काय सांगायची. भाऊजी पेपराआडून ऐकायचे. आपल्या बायकोला शेजारणीच्या जावयाबद्दल एवढी मतं आहेत, हे त्यांना माशामुळे कळलं.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर काही दिवस लेकीकडे राहायचं, कारण तिच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि भाऊजींच्या घराला अरुंद जिना. निघताना मी होतेच. सगळ्या सूचना देऊन झाल्यावर ती दारात थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या भांड्यात तो फार दिवस नाही राहू शकत. मी येईपर्यंत त्याला एक बरीशी टाकी घ्या. आल्यावर मला तो धडधाकट दिसला पाहिजे."

"केवढी घेऊ?" भाऊजींनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

ह्या बाईने लग्नानंतर स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाऊजींनाही आठवत नसावं, कारण गाडी गेल्यावर ते बराच वेळ फाटकाशीच उभे होते. मग घरात गेले आणि कपाटातून स्टीलची पट्टी काढली.

माशाचं माप घेणं सोपं नसतं. तो स्थिर राहत नाही. भाऊजींनी भांड्याच्या मागे पांढरा कागद लावला, काचेवर पट्टी धरली आणि शिकाऱ्यासारखे दबा धरून बसले. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी. पर मिटलेले असताना रुंदी. पर उघडे असताना उंची. मग चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडली. "हवा खेळायला," असं ते मला नंतर म्हणाले. पाण्यात.

ते माप घेऊन ते त्यांच्या ओळखीच्या काच कापणाऱ्याकडे गेले. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "यात काय ठेवणार? चष्मा?"

"मासा."

"उभा की आडवा?"

भाऊजींना विनोद कळला नाही. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आडवा."

दोन दिवसांनी मी डोकावले, तेव्हा नवी टाकी फळीवर रेडिओ आणि औषधांचा डबा यांच्यामध्ये जी फट होती तिच्यात बसवलेली होती. फट आधी मोजली होती, हे सांगायला नको. पेन्सिलीच्या पेटीला झाकण नसावं, तशी ती दिसत होती. आत मासा. पर अंगाशी घट्ट मिटलेले, तोंड रेडिओकडे. साहेबाने केबिनमध्ये बोलावून उभं केलेल्या कारकुनासारखा तो जागच्या जागी होता.

"तो वळतो कसा?" मी विचारलं.

"वळतो की. जरा वाकतो आणि वळतो."

"भाऊजी, घरात वळायला वाकावं लागतं का कुणाला?"

विचारायलाच नको होतं, त्यांच्या न्हाणीघरात वाकावंच लागतं. दाराआड बादल्यांची चळत आहे.

"मोठ्या टाकीत पाणी हिंदकळतं," ते म्हणाले. "हा एवढासा जीव. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटेल."

"टाकी कुठे आगगाडीने पाठवायची आहे?"

"आणि दुकानातसुद्धा यांना पेल्यातच ठेवतात. मी बघितलंय."

"दवाखान्यात आपण बाकावर बसतो. म्हणून कुणी पलंग विकून बाक आणतं का?"

तेवढ्यात फोन वाजला. जाऊच होती. गुडघा बरा होता, लेक चालायला लावत होती. मग तिने विचारलं, "तो कसा आहे?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, "मजेत."

त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालपासून खात नाहीये."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं, पण तिथे आम्हाला प्राणी कापायला शिकवलं, पाळायला नाही. त्यामुळे फुकटचं ज्ञान न पाजळता मी भाऊजींना चपला घालायला लावल्या आणि दाताच्या डॉक्टरशेजारच्या त्या दुकानात नेलं.

दुकानदार बोलघेवडा होता. माप ऐकून त्याने हातातली जाळी खाली ठेवली. "निदान वीस लिटर पाहिजे," तो म्हणाला. "आणि उंच नको, लांब घ्या. हा वर येऊन हवा घेतो. उंच टाकीत त्या परांचं ओझं घेऊन सारखं वरखाली करून दमतो."

"वीस लिटर?" भाऊजी म्हणाले. "एवढ्या पाण्यात मी आंघोळ करतो."

"तुम्ही आंघोळ करून बाहेर येता."

मला हा माणूस आवडला. भाऊजींनी मात्र भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे फळीवर प्लास्टिकचे पेले ओळीने मांडले होते, प्रत्येकात एक मासा. "मग हे?"

"ते विकायला ठेवलेत, राहायला नाही. माशाची घाण पाण्यातच राहते, साहेब. थोडं पाणी असलं की लगेच विषारी होतं. जास्त पाणी असलं की तुम्हाला चूक सुधारायला वेळ मिळतो."

चूक सुधारायला वेळ मिळतो, हे भाऊजींना पटलेलं दिसलं. कारखान्यातही ते पाठवणीच्या आदल्या दिवशी खोकी पुन्हा तपासायचे. त्यांनी वीस लिटरची लांबट टाकी घेतली. पाणी कोमट ठेवायला छोटा हीटर, हळू चालणारा फिल्टर आणि झाकण, कारण हे मासे उडी मारतात. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी गेले. इथे माझा अंदाज चुकला. माणूस ओळखायला मला इतकी वर्षं मिळाली होती, तरी.

जाऊ रविवारी येणार होती. शुक्रवारी मी सहज गेले, तर भाऊजींनी दार उघडतानाच तोंडभर हसून सांगितलं, "या, बघा."

भरलेली टाकी त्या फळीला पेलली नसती, म्हणून ती दारामागच्या टेबलावर आली होती. खोकी पलंगाखाली गेली होती. हे सगळं योग्य होतं. पण टाकीत पाणी दिसत नव्हतं. तळाला जाड गोट्यांचा थर, वर एक किल्ला, किल्ल्याला टेकून एक पूल, पुलाखाली चिनी मातीचा बेडूक. बेडकाच्या मागे समुद्रात बुडी मारणारा माणूस, त्याच्या डोक्याशी खजिन्याची पेटी, आणि जिथे जिथे बोट शिरेल एवढी भेग होती तिथे तिथे प्लास्टिकचं झाड. दुकानदाराकडे जेवढं होतं तेवढं सगळं.

"मासा कुठेय?" मी विचारलं.

भाऊजींनी मला टाकीच्या डाव्या अंगाला नेलं आणि जरा वाकायला सांगितलं. किल्ला आणि काच यांच्यामध्ये एक चिंचोळी गल्ली होती, तिच्यात तो होता. चारी बाजूंनी बरोब्बर दोन-दोन बोटं जागा.

"वीस लिटर," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "दुकानदाराने सांगितली तेवढी."

मी डोक्याला हात लावला. सोबत जे शब्द वापरले ते छापण्यासारखे नाहीत. पण मग नीट बघितलं. माशाच्या शेपटीकडचा पर टोकाशी फाटलेला होता. प्लास्टिकच्या पानाच्या कडेला रंगीत धाग्यासारखं काहीतरी अडकलेलं होतं. भाऊजींनीही ते तेव्हाच पाहिलं असावं. ते खुर्ची ओढून बसले.

"मी तर तो आपटू नये म्हणून," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "वहिनी, ती आल्या आल्या पहिल्यांदा त्याच्याकडेच जाईल. माझ्याकडे नंतर."

यावर मी थट्टा करायला हवी होती, केली नाही. म्हटलं, "बाह्या सरसावा."

"तुम्ही काढता का? मी माशाला धरतो."

"मी बसून चहा पिणार. भरलंय तुम्ही, रिकामं तुम्हीच करायचं."

सगळ्यात आधी प्लास्टिकची झाडं काढली. ती त्यांनी स्वतःच न सांगता उपटली, जरा रागानेच. मग किल्ला. किल्ल्याला हात लावून ते म्हणाले, "एवढा राहू दे?"

"नाही."

"मधोमध नको, कोपऱ्यात?"

"भाऊजी, मासा कुणाशी लढाई करणार आहे?"

किल्ला निघाला. पूल निघाला. बुडी मारणारा माणूस निघाला, तेव्हा त्याच्या पायातून बुडबुडे आले आणि भाऊजींनी त्याला टॉवेलात गुंडाळून ठेवलं. खजिन्याच्या पेटीवर बरीच घासाघीस झाली. बेडकावर ते अडून बसले. "हा तर हसतोय," म्हणे. मी म्हटलं, हसू दे बाहेर. प्रत्येक वस्तू निघाली की टाकीत नवी पोकळी दिसायची, आणि माणसाला दात काढल्यावर होतं तसं त्यांना व्हायचं. जीभ तिकडेच जाते. गोट्यांचा थर अर्धा करायला सांगितला, तेव्हा तर ते उठून गॅलरीत जाऊन आले.

शेवटी आत राहिलं काय, तर तळाला पातळ वाळू-गोट्यांचा थर, फिल्टर, हीटर आणि पाणी. दुकानदाराने एक मऊ पानांचं खरं झाड दिलं होतं, ते मी लावू दिलं. आडोशाला काहीतरी हवं, हे मलाही मान्य होतं. भाऊजींनी फुटक्या कुंडीचा एक कमानदार तुकडा शोधला, चांगला उकळून घेतला, आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासत बसले. घासायचा, गालावरून फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा. मी दोन कप चहा संपवला तरी चालूच. एवढं काम त्यांनी न विचारता केलं, आणि त्यात मला एकही खोट काढता आली नाही, ह्याचा मला थोडा रागच आला.

"फार मोकळं दिसतंय," तुकडा ठेवून झाल्यावर ते म्हणाले. "हरवल्यासारखं नाही वाटणार त्याला?"

"त्याला वाटेल की तुम्हाला?"

मासा त्या दिवशी कोपऱ्यातच राहिला. शनिवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. "कुंडीखाली गेला होता. आता बाहेर आला." दुपारी पुन्हा. "इकडून तिकडे गेला, वहिनी. सरळ. न वाकता." संध्याकाळी आवाज इतका दबका, की मी घाबरले. "खाल्लं. एक दाणा. दुसरा थुंकला, पण एक खाल्ला."

"मग कुजबुजताय कशाला?"

"तो अजून खातोय."

रविवारी जाऊ काठी टेकत जिना चढून आली. मागे लेक, तिच्या मागे मी. भाऊजी दार उघडून भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट द्यायला. ते म्हणाले होते तसंच झालं. ती सरळ टाकीकडे गेली. खुर्चीवर बसली, काठी मांडीवर ठेवली आणि बघत राहिली. मासा दूरच्या टोकाला होता. त्याने वळण घेतलं, पर पसरले आणि सबंध टाकी ओलांडून तिच्या समोर काचेशी आला. फाटलेलं टोक दिसतच होतं, पण त्याच्या कडेला नवी, पारदर्शक झालर फुटायला लागली होती.

"हे काय झालं शेपटीला?" तिने विचारलं.

भाऊजींनी सगळं सांगितलं. पट्टीपासून बेडकापर्यंत, काही न गाळता. माझी शिवीसुद्धा. ती माशाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मजेत आहे म्हणालात, तेव्हाच मला कळलं. तुम्ही स्वतःच्या लग्नातसुद्धा मजेत असल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं."

"चिडलीस का मग?"

"चिडायचं होतं. जिना चढताना ठरवलं होतं काय बोलायचं ते." तिने काचेवर बोट टेकलं आणि मासा बोटामागे गेला. "पण हा बरा दिसतोय. छान पोहतोय. आधी असा पोहायचा नाही."

भाऊजींचा चेहरा मी पाहिला आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्या चेहऱ्याकडे फार वेळ बघणं बरं नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर ते भाऊजी कसले. ते स्वयंपाकघरात गेले आणि पाठीमागे हात लपवून परत आले. जाऊने मान वळवलीसुद्धा नाही. "काय आणलंत?"

त्यांनी हात पुढे केला. प्लास्टिकचा पेला, त्यात एक लाल मासा.

"काल खाणं आणायला दुकानात गेलो होतो," ते म्हणाले. "हा त्या फळीवर होता, पार कडेला. अगं, त्याला धड वळताही येत नव्हतं." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जणू जगात हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं आणि मी तर त्यातलं अक्षरही उच्चारलं नव्हतं.

"दोघांना एकत्र ठेवता येणार नाही," जाऊ म्हणाली.

"माहीत आहे. भांडतात. दुकानदाराने बजावलंय."

"आणि दुसरी टाकी ह्या घरात मावणार नाही."

भाऊजींनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाखालून खोकी बाहेर डोकावत होती, आणि ज्या माणसाला कधी कुठली फट अपुरी पडली नव्हती, त्याने मान हलवली. "नाही मावणार."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. लेकीनेही.

"मला मासे आवडत नाहीत," मी म्हटलं.

"आवडून घ्यायला कोण सांगतंय?" जाऊ म्हणाली. टेलिफोन ऑफिसातला तो शांत, वाद न घालता पलीकडे जोडून देणारा आवाज मी पहिल्यांदा माझ्यावर वापरलेला ऐकला. "जाऊबाई, तुमच्याकडे बैठकीच्या खोलीत ते लांब कपाट रिकामंच आहे."

भाऊजी तोवर कामाला लागले होते. पलंगाखालून एक खोकं निवडलं, पेल्याच्या घेराएवढं, झाकणाला भोकं पाडली, बाजूने कागदाचे बोळे बसवले. पेला आत असा उतरवला की पाण्यावर सुरकुतीसुद्धा आली नाही. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत खोकं माझ्या हातात होतं.

मला पोचवायला ते घरापर्यंत आले. रस्ताभर माझ्या शेजारून चालत होते, खोक्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत, आणि सांगत होते, "खड्डा, वहिनी. आता पायरी. सावकाश." मी सत्तरी ओलांडलीय, माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी त्यांनी कधी केली नव्हती. कोपऱ्यावर वळताना ते म्हणाले, "वीस लिटर हं. त्याहून लहान घेऊ नका."

मी म्हटलं, "मला शिकवू नका," आणि दुकान उघडं आहे का ते बघायला रस्ता ओलांडला.